शेंदराखालचा शिक्का

देव आहे की नाही, हा माझा प्रश्न कधीच नव्हता. असलाच, तर तो माझ्याकडे पाहील का, एवढीच शंका होती. लढाईच्या दिवसांत मी जंगलखात्यात होतो. घाटमाथ्यावरच्या राखीव जंगलात तोडीची झाडं ठरवायची, साल तासून त्यावर हातोड्याने शिक्का ठोकायचा. मग ते झाड ठेकेदाराचं. देवराई वगळा, असा हुकूम होता. पण पुढचा कडा चढायचा मला कंटाळा आला आणि मी देवराईतच झाडांचा ठरलेला आकडा पुरा केला. हे घरीदेखील कधी बोललो नाही.

नोकरी सोडून काही वर्षं झाल्यावर राजूरच्या बाजारात हिरडे विकणारी त्याच बाजूची एक म्हातारी म्हणाली, "आमच्या राईत शेकरू लई झाल्यात." मी चपापलो. हा झाडावरचा जीव सहसा जमिनीवर उतरत नाही. शेकरू आहेत, तर झाडंही असतील? राहवेना. बाजार उठल्यावर तिच्यामागे निघालो.

"शेकरू बघाया एवढी चढन? घरी काम न्हाई वाटतं!" म्हातारी हसली.

राईत शिरलो तोच वरून कुरतडलेली सालं अंगावर पडली. तांबूस अंग, झुलतं लांबलचक शेपूट. मान वाकडी करून तेही मला न्याहाळत होतं. पोरासारखा पाहतच राहिलो. मग नजर बुंध्यावर उतरली. माझ्या घावावर शेंदूर होता.

"एका फारेस्टवाल्यानं ठोकलं हुतं," म्हातारी सांगू लागली. "आमी वर शेंदूर थापला. तोडनारे आले, पाया पडले न् माघारी गेले."

कडेला मात्र एक खुंट होता.

"त्याला शेंदूर पुरला न्हाई, बाबा."

मी त्या खुंटाशी बसलो. "आजी, तो फारेस्टवाला मीच."

मग बाजारातून आणलेली शेंदराची पुडी तिने माझ्यापुढे धरली. "तरीच एवढा चढलास. दर साली लावावा लागतो. यंदा तू लाव."

माझ्याच हातोड्याच्या खुणेवर मी शेंदूर लावला आणि डोकं टेकलं. मी बिघडवलेलं मी सावरलं नव्हतं. देवाने ते दुसऱ्यांच्या हातून केव्हाच सावरून घेतलं होतं. मला फक्त तिथवर नेलं, एका शेकराच्या निमित्ताने. आता दरवर्षी पुडी घेऊन जातो, सांगतील तिथे लावतो. निघताना खुंटाच्याही पाया पडतो. तो काही पुन्हा फुटलेला नाही.