करंगळीला जागा

धाकट्या बहिणीचा अमेरिकेतून फोन आला तेव्हा मी बहारीनमधल्या सनद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसले होते. "ताई, मला पिस्तूल घ्यायचंय," ती म्हणाली. "जवळ बाळगायला. कपड्यांच्या आत, कुणाला दिसणार नाही असं. कोणतं घेऊ ते तू सांग."

अशा वेळी थोरल्या बहिणीला काळजी वाटायला हवी. मला हेवा वाटला. उगाच खोटं कशाला बोलू?

ती तिकडे एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दोन महिन्यांपूर्वी तिथे दोघे जण बंदूक घेऊन शिरले आणि गोळ्यांचे डबे पिशवीत भरून निघून गेले. ही काउंटरखाली बसून राहिली म्हणून वाचली. त्यानंतर तिने रीतसर क्लास केला, परीक्षा दिली, परवाना काढला. दुकानाच्या मालकाचीही परवानगी मिळवली. आता फक्त वस्तू निवडायची राहिली होती.

आणि ही कोण? दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाला घाबरणारी! मी टिकल्या उडवायचे आणि ही माझ्या फ्रॉकचा बो मुठीत धरून, डोळे गच्च मिटून, माझ्या मागे उभी राहायची. झालं का, झालं का, असं विचारत राहायची. मी मुद्दाम "झालं" म्हणायचे आणि आणखी एक उडवायचे.

नेमबाज मी होते. साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसी, रायफल, मग एअर पिस्तूल. आमचे हवालदारसाहेब एकच गोष्ट सारखी सांगायचे. "पोरी, करंगळीला जागा दे. ती लोंबकळली की सगळा हात लोंबकळला." माझी करंगळी कधी लोंबकळली नाही. राज्याच्या शिबिरासाठी माझी निवड झाली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे येणार होते. बाबा म्हणाले, शिबिरं काय, पुढच्या वर्षीही होतील. पुढच्या वर्षी मी बहारीनमध्ये, नवऱ्याच्या व्हिसावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. पाच वर्षांनी धाकटी एकटी अमेरिकेला निघाली तेव्हा मात्र बाबा स्वतः तिला विमानतळावर सोडायला गेले.

तर अशा बाईला विचारलं, की कोणतं पिस्तूल घेऊ.

तिने दोन पिस्तुलांची मापं पाठवली. एक अगदी लहान, तळहातात मावेल असं. दुसरं मधलं, त्याहून बोटभर लांब आणि मूठही तेवढीच मोठी. "तुझी माझी अंगकाठी एकच आहे," ती म्हणाली. "मला सव्वादोनच्या बांगड्या, तुलाही सव्वादोनच्याच. तुला बसेल ते मला बसेल." इतका विश्वास.

नवरा सकाळी मआमीरकडे, कारखान्यांच्या भागात, प्लांटवर गेला, मुलगी शाळेत गेली, की मी लॅपटॉप उघडून बसायचे. चार दिवस मी स्वयंपाक कसाबसा उरकला. व्हिडिओ पाहिले, बायकांचे अनुभव वाचले. जे हवालदारसाहेबांनी सांगितलं होतं तेच सगळे सांगत होते. लहान पिस्तूल लपतं छान, पण त्याची मूठ आखूड. दोन बोटं बसतात, करंगळी हवेत. वजनाला हलकं म्हणून हाताला झटका जास्त बसतो, नवख्या माणसाचे डोळे मिटतात, नेम चुकतो. विकणारे मात्र बाई दिसली की लहानच पुढे करतात. मधलं जरा अवघड जातं लपवायला, पण हातात राहतं.

एवढ्यावर फोन करून "मधलं घे" म्हटलं असतं तर विषय खलास होता. पण मला ते इतक्यात संपवायचं नव्हतं. मला ते जवळ बाळगून बघायचं होतं.

खजुराच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून मी दोन्ही पिस्तुलं मापात कापली. जाडी यावी म्हणून जुन्या पिशवीच्या कापडाच्या थैल्या शिवल्या, त्यांत गहू भरले आणि पुठ्ठ्याला टाचल्या. मग उजव्या बाजूला, जरा मागे, सलवारीच्या नाडीत खोचायचं आणि वर कुर्ता सोडायचा. खोचल्यावर आरशासमोर मी किती वेळ उभी होते ते विचारू नका. चाळिशी ओलांडलेली बाई, कंबरेला गव्हाची थैली, आणि मान अशी ताठ!

लहान पुठ्ठा लावून मी तीन दिवस हिंडले. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, जाऊन खुबूस रोट्या आणल्या. हमद टाउनला टेलरकडे जाऊन आले. दुकानात माझ्या पुढे कुणी घुसलं की मनात म्हणायचे, घुस बाबा, तुला काय माहीत! खाली वाकून पिशव्या उचलल्या तरी कुणालाही संशय आला नाही. फक्त मुलीने विचारलं, "आई, व्हाय आर यू वॉकिंग लाइक दॅट?" मी म्हटलं, "माझी चाल आहे ती." इथे असलं खेळण्यातलंसुद्धा कुणाच्या नजरेला पडलं असतं तर पोलिसांना सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवता दाखवता घाम फुटला असता. एवढं कळत असूनही मी ते काढलं नाही.

शुक्रवारी ओळखीतल्या एका बाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या दिवशी मी मधला पुठ्ठा लावला. साडीत ते जमेना, म्हणून कुर्ता घातला आणि "अगं, आज साडी नाही?" हे दहा जणींकडून ऐकून घेतलं. उभी होते तोवर सगळं छान. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, ओटी घेतली. मग त्या बाईंच्या सासूबाई, नुकत्याच व्हिजिट व्हिसावर आलेल्या, खुर्चीत बसलेल्या दिसल्या. झाले पुढे आणि सवयीने वाकले नमस्काराला.

अमेरिकेतल्या एकाही व्हिडिओत कुणी सासूबाईंच्या पाया पडून दाखवलं नव्हतं.

कुर्ता पाठीवर ताणला गेला आणि मागून पिस्तुलाची मूठ टरारून वर आली. यजमानीणबाईंनी तिथे हात ठेवला आणि कानात कुजबुजल्या, "कंबर धरलीय का गं? पट्टा बांधलायस? कुठल्या डॉक्टरांचा?" मी दचकून सरळ झाले. टाके सुटले आणि गहू माझ्या पायावरून भराभरा फरशीवर. "अगं बाई, ओटी सांडली हिची!" सगळ्या धावल्या, गहू वेचून वेचून माझ्या ओढणीत घातले. सासूबाई म्हणाल्या, असू दे, शुभ असतं. मी एका हाताने पुठ्ठा धरून, हो हो म्हणत, यल्ला यल्ला, चला चला, करून घरी आले.

त्या संध्याकाळी बहिणीला मी हे सगळं रंगवून सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग विचारलं, "म्हणजे लहानच घेऊ ना?"

इथे मी करू नये ते केलं. म्हणाले, "हो. लहानच घे. वाकलं तरी दिसत नाही. मी स्वतः बघितलंय."

शब्द न् शब्द खरा होता. करंगळीचं मात्र मी बोलले नाही. मला हवं होतं, की तिने ते उडवावं, तिचा हात झणझणावा आणि तिने म्हणावं, ताई, हे काही आपलं काम नाही बाई, हे तुझंच काम. एवढंच हवं होतं मला. तिने ते दुकानात नेऊन वापरावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. की आलं होतं? देवाला ठाऊक.

पुढच्या गुरुवारी तिचा व्हिडिओ आला. रेंजवर ही उभी, कानांवर ती मोठी झाकणं, समोर कागदाचं लक्ष्य. पहिली गोळी सुटली आणि हात पार वर उडाला. डोळे गच्च मिटलेले, दिवाळीत असायचे अगदी तसे. दुसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं. "अडकलं बहुतेक," म्हणत ही हातात पिस्तूल घेऊन तशीच वळली, आणि शिकवणाऱ्या माणसाने झडप घालून तिचं मनगट धरलं. कागदाला एकही भोक नव्हतं. शेवटी ती कॅमेऱ्यात बघून हसली. "ताई, तू सांगितलंस तेच घेतलं. कुणाला कळतसुद्धा नाही. सोमवारपासून कामावर लावून जाणार."

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिची करंगळी हवेत लोंबकळत होती. लगेच फोन लावला.

"ते परत देता येईल का?"

"का गं? दुकानदार मधलंच घ्या म्हणत होता. मीच म्हटलं, माझी बहीण शूटर आहे, तिला जास्त कळतं."

"तुझी करंगळी बसत नाही त्यावर."

"हो ना, बसतच नाही."

"मला ते ठाऊक होतं. तुझा हात उडणार, डोळे मिटणार, सगळं ठाऊक होतं. तरी मी तेच सांगितलं."

"काय बोलतेयस तू? का पण?"

"जळले मी तुझ्यावर. अमेरिकेला तू गेलीस, पिस्तूलही तूच घेणार. माझ्या वाट्याला पुठ्ठा."

ती अगदी हळू बोलली. "ताई, मी काउंटरखाली बसले होते ना, तेव्हा मूठ आवळून बसले होते. तुझ्या फ्रॉकचा बो धरायचे तशी. डोळे मिटून स्वतःला सांगत होते, पुढे ताई आहे. पुढे ताई आहे." आणि मग तिचा आवाज चढला. "आणि तू? तू मला हे हातात दिलंस?"

रडू आलं, ते आत ढकललं. रडायचा हक्क तिचा होता.

"आता नीट सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. मधलं घे. दुकानात हातात धरून बघ, करंगळी बसलीच पाहिजे. गोळी भरताना वरचा भाग तुझा तुला मागे ओढता आला पाहिजे. पर्समध्ये टाकायचं नाही. आणि रेंजवर डोळे उघडे राहायला लागेपर्यंत कामावर न्यायचं नाही.

"आणि वाकल्यावर दिसलं तर? मार्चमध्ये माझ्या सासूबाई येतायत."

"नमस्काराला वाकू नकोस. उभ्यानेच हात जोड. सांग, कंबर धरलीय."

ती हसली नाही. फोन ठेवला तिने.

रविवारी फोटो आला. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. नुसता हात, त्यात मधलं पिस्तूल, तीन बोटं मुठीवर, त्यांत सगळ्यात खाली करंगळी, नीट बसलेली. मी फोटो मोठा करून पाहिला. सव्वादोनच्या बांगडीचा हात. माझाच म्हणून कुणालाही खपला असता. पुन्हा तोच हेवा, मेला जातच नाही.

मी तिला लिहिलं, "मूठ बसलीय. आता डोळे उघडे ठेव. पुढे कुणी नाहीये."