कोणाच्या नावाने गुळवेल

वहिनीचं डोकं फिरलंय, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले होते. वहिनी म्हणजे नानीबाई, माझी भावजय. मी गेंदा, तिची नणंद. मी नाही बोलणार तर कोण बोलणार?

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमची घरं. शेती पावसावरची, बाकीचं जंगल देतं. ताप हटेना की लोक वहिनीकडे येतात. तिची गुळवेल फक्त कडुनिंबावरची. आदल्या संध्याकाळी ती झाडाशी जाते, बुंध्याशी ज्वारीचे दाणे ठेवते आणि वेलीला सांगते, उद्या अमक्यासाठी तुला न्यायला येते. नाव घेतल्याशिवाय विळा लावायचा नाही. आणि ज्याचं नाव घेतलं त्यानेच काढा प्यायचा, नाहीतर ते नाव वाऱ्यावर राहतं. आमच्याकडे हे पोरासोरांनाही माहीत.

मग जळगावहून ममता आली. कुठल्याशा प्रयोगशाळेत गुळवेलीवर काम करते, मूळची दोंडाईच्याची. पोरगी गोड, पण बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. म्हणे, माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगजंतूंना गिळून टाकतात. गुळवेलीचा रस घातला तर त्यांची भूक वाढते का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी दर महिन्याला ताजी वेल हवी.

"कोनं नाव लेऊ?" वहिनीने विचारलं.

"नाव कशाला, मावशी? रक्त कोणाचं ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगत नाहीत. घ्या कोणाचंही."

झालं! कोणाचंही म्हटल्यावर वहिनी दुसरं कोणाचं घेणार? तिचा पिंटू गुजरातेत बांधकामावर गेला. होळीला सगळी टोळी परत आली, हा नाही. मुकादम म्हणाला, मधूनच कुठेतरी निघून गेला. फोन बंद. आता दुसरी होळीही गेली. अजून एसटीचा आवाज आला की वहिनी हातातलं टाकून उठते. मला असला राग येतो त्या पोराचा! समोर आला तर आधी दोन ठेवून देईन, मग गळ्यात पडून रडेन.

एका संध्याकाळी शेळ्या घेऊन परतताना मी झाडाखालून तिचा आवाज ऐकला. "सकाय तुले मना पिंटूसाठे लई जासू."

"अगं वहिनी," मी ओरडलेच, "तिथे पिणार कोण? काचेच्या भांड्यात ओततात तो रस! पोराचं नाव वाऱ्यावर सोडलंस की!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. रात्री ती जेवली नाही. सकाळी म्हणाली, मला जळगावला ने, वेल कोण पितं ते मला डोळ्यांनी पाहायचंय. पिणारं कोणीच नसेल तर पिंटूचं नाव परत घेऊन यायचं.

ममता हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने वहिनीला स्टुलावर बसवलं आणि बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या दुर्बिणीत बघायला लावलं. मग मीही पाहिलं. गोल गोल पेशी आणि त्यांच्या पोटात बारीक दाणे. पावात घालतात ते यीस्ट, ममता म्हणाली, जंतूंच्या जागी तेच खायला दिलंय.

"जित्त्या शेतस का?" वहिनीने विचारलं.

"हो. अंगातून बाहेर काढल्या तरी थोडा वेळ जगतात. रस घातला त्या भांड्यातल्या पेशींनी जास्त दाणे गिळलेत. पण हे काचेतलं झालं, मावशी. माणसाच्या अंगात असंच होईल, असं मला अजून म्हणता येत नाही."

"रक्त कोनं?"

"या खेपेला माझंच. परवानगी काढून दिलंय."

वहिनीने तिचा हात हातात घेतला. कोपराच्या खळगीत सुई टोचल्याची निळी खूण होती. वहिनी तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली. म्हणजे पिणारं सापडलं; मागच्या खेपेची पिंटूच्या नावाची वेल ह्या पोरीच्या रक्तात गेली होती.

"घर कव्हय गयथी?"

ममता गोंधळली. "दिवाळीला... नाही, त्याच्या आधीच्या. काम संपतच नाही ना. फोन करते मी आईला."

"फोनले काय करू? जाय घर. तुनी माय बी वाट देखत व्हई."

डोळे भरून आले तिचे, आणि माझेही. उगाच खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी तिचा फोन आला. "मावशी, मी दोंडाईच्याला आलेय. थांबा, आईशी बोला."

दोन बायका, जन्मात एकमेकींना न पाहिलेल्या. तिकडून नुसतं रडणं, आणि मग एवढंच, "उनी वं माय, मनी पोर घर उनी."

"बरं झालं, माय," वहिनी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

संध्याकाळी ती दाणे घेऊन झाडाशी गेली. मी मागोमाग. उद्या वेल कापायची नव्हती, कोणी आजारी नव्हतं, विळा घरीच होता. तरी तिने दाणे ठेवले आणि पिंटूचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा तिचा आवाजच फुटेना.

मग मी, एवढी रागावलेली, तिच्या शेजारी उभी राहिले आणि मोठ्याने हाक मारली, "पिंटू, ये रे बाबा घरी!"