आण्णांचा अभ्यास

"अन्ननलिकेत गाठ आहे, आणि ती कॅन्सरची आहे," डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा आण्णा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. आण्णा म्हणजे माझे वडील. कात्रजकडच्या एका डेअरीत त्यांनी आयुष्यभर दुधाचे कॅन उचलले. शाळेची पायरी ते चढले नाहीत. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मिरवते, आणि मिरवणार. पण त्या खोलीत ती पदवी काही कामाला आली नाही. बाई बोलत होत्या आणि मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

सुरुवात भाकरीपासून झाली होती. घास अडकायचा. आण्णा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले, मग नुसतं दूध. आम्ही ॲसिडिटी म्हणत राहिलो. तुमच्या घरी कुणाचा घास अडकत असेल तर घरच्या घरी काहीतरी नाव देऊन मोकळे होऊ नका. दाखवा.

एंडोस्कोपी झाली होती, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघणं. बायोप्सी झाली होती, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. आता पेट स्कॅन, म्हणजे आजार अंगात कुठवर गेलाय ते बघणं. त्या रिपोर्टसाठी मी सारखी रिपोर्ट देणाऱ्या खिडकीशी जाऊन उभी राहायचे. आतले गृहस्थ म्हणाले, "ताई, बसून घ्या. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून मशीन घाबरत नाही."

पुण्यातलं हॉस्पिटल. आण्णांना तशातही हसू आलं.

रिपोर्ट आला. आजार दूर गेला नव्हता. उपचार ठरला किमोरेडिएशन, म्हणजे किरणं आणि किमोची औषधं एकत्र. मग बाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. रेडिएशन आणि किमो सगळ्यांनाच. काही जणांना त्याच्या जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची स्वतःची ताकद आजाराशी लढायला जागी करणारं औषध. या जोडीने खरंच फायदा होतो का नुसता त्रास वाढतो, ते बघायचंय."

त्यांचं पुरतं बोलून व्हायच्या आत आण्णा म्हणाले, "अभ्यास हाय ना? मग बसतो की."

बाई गोंधळल्या. मी नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात अभ्यास हा एकच शब्द असा होता की त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. मी पुस्तक उघडलं की आण्णा टीव्हीचा आवाज बंद करायचे. दारात कुणी आलं की बोट ओठांवर ठेवून सांगायचे, "अभ्यास चालू हाय." पाहुणे जिन्यात उभं राहून बोलायचे. आणि मी कंटाळून उठले तर एकच वाक्य, "अर्धवट टाकून उठायचं न्हाई."

बाईंनी त्यांना थांबवून सगळं पुन्हा समजावलं. त्रास काय होऊ शकतो, कधीही बाहेर पडता येतं, आणि नवीन औषध कुणाला मिळणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार.

चिठ्ठी आण्णांना लागली नाही.

मला फसवल्यासारखं वाटलं. मी बाईंना तसं तोंडावर म्हणाले. त्या चिडल्या नाहीत. "ते औषध जास्त चांगलं आहे हे मला माहीत असतं तर चिठ्ठी कशाला टाकली असती? कुणालाच माहीत नाही, म्हणून तर अभ्यास. यांचे उपचार पूर्णच होणार आहेत."

आण्णा मला म्हणाले, "मने, मला न्हाई तर दुसऱ्याला लागलं. पण बसलो ना अभ्यासाला?"

लोक रेडिएशनला शेक म्हणतात. आण्णांना वाटलं, गरम लागेल. उलट ती खोली गारठलेली. त्यांच्या छातीवर शाईच्या खुणा केल्या होत्या, आणि त्या पुसू नयेत म्हणून ते अंगाला पाणी लागू देत नव्हते. पहिले आठवडे बरे गेले. मग घसा आतून सोलल्यासारखा झाला, थुंकी गिळवेना, नळीने पातळ अन्न द्यावं लागलं. हे येतं. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असलं तरी आपल्या माणसाला होताना बघवत नाही.

मग हळूहळू उतार पडला. एके दिवशी त्यांनी आईच्या हातचा मऊ भात खाल्ला आणि ताट मला वाकडं करून दाखवलं.

पुढच्या एका तपासणीत यकृतावर डाग दिसले. आजार परत आला होता. त्याच सुमारास अभ्यासाचा निधी अडला. नवीन पेशंट घेणं बंद. बाई म्हणाल्या, "औषध बनवणारे आपल्या औषधासाठी पैसा लावतात. किरणांबरोबर ते कधी द्यायचं, कितपत द्यायचं, ही जोडी जुळवायला पैसा लावणारे फार थोडे."

आण्णा खंगत चालले. मी म्हणाले, आता अभ्यासाच्या तपासण्यांना जायला नको. ते शर्टाची बटणं लावत राहिले. "अर्धवट टाकून उठायचं न्हाई."

शेवटच्या खेपेला व्हीलचेअरवरून त्यांनी बाईंना विचारलं, "अभ्यास कुठवर आला?"

"थांबलाय, आण्णा. पैसे नाहीत."

ते माझ्याकडे वळले. "तुझा कवा थांबू दिला व्हता का मी?"

ते घरीच गेले, आम्ही जवळ होतो. तेराव्याला गावजेवण घालायचं असं आत्यांचं म्हणणं. मी सांगितलं, तो खर्च हॉस्पिटलच्या संशोधन निधीला द्यायचा. "मग पिंडाला शिवायला डॉक्टरणीलाच बोलाव," आत्या म्हणाल्या. आई मधे पडली. "ती म्हणतीय तसं होऊ दे. त्यांनाबी तेच आवडलं असतं."

बाईंनी पैसे घेताना खोटा दिलासा दिला नाही. "एवढ्याने अभ्यास सुरू होणार नाही, सांगून ठेवते." मग मी हिंजवडीत माझ्या ऑफिसात, ओळखीच्या ऑफिसांत विचारत फिरले. लोक विचारायचे, "निकाल काय लागला?" मी सांगायचे, निकाल लागावा म्हणूनच मागतेय. काहींनी दिलं, बऱ्याच जणांनी चहा दिला.

तुमच्या घरी ही वेळ आली आणि कुणी अशा अभ्यासाचं विचारलं, तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. नीट विचारून घ्या. माझे आण्णा त्याने वाचले नाहीत. पण त्यांना जो शेक आणि जी औषधं मिळाली, तीसुद्धा आधी कुणीतरी अशीच स्वतःवर तपासू दिली होती. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांचे उपकार आहेत.

परवा संध्याकाळी बाईंचा फोन आला. सरकारी निधी मंजूर झाला होता. नवीन पेशंट घेणं सुरू. निकालाला वर्षं लागतील, आण्णांच्या तपासण्या त्यात धरल्या जातील.

आई टीव्हीवर मालिका बघत होती. "कुणाचा गं?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलमधून. अभ्यास चालू आहे."

आईने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.