तळ्यात गेलेलं वावर

पाण्याकडे इतक्या संशयाने पाहणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका कॉलेजच्या रसायनशाळेत जन्मभर परीक्षानळ्या धुवून निवृत्त झाले, पण सवय काही सुटली नाही. पाण्याचा पेला हातात आला की आधी उजेडाकडे धरायचा, मग हुंगायचा आणि मग घरधन्याला निकाल ऐकवायचा. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला रामदासपेठेतल्या व्याह्यांना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या टाकीत पाला सडून राहिला जी!" मला तर दे माय धरणी ठाय झालं. टाकी उघडली, तर तळाशी खरंच पिंपळाची पानं निघाली. समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं भाऊजींना कधी जमलंच नाही.

सावनेरजवळ त्यांचं उताराचं वावर, म्हणजे शेत आहे आणि खाली तळं. दर पावसानंतर तळ्याचं पाणी बाटलीत भरायचं, तारीख चिकटवायची आणि बाटली ताईच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायची. एकदा शेजाऱ्याने कोरा चहा समजून एक घोट घेतलासुद्धा. बाटल्या वर्षागणिक गडद होत चालल्या होत्या. "असं काहून?" मी विचारलं.

"आधी पाऊस जिरत होता गा. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी पडते. कुजलेला पाला, शेणखत, मातीतला सारा कस धुवून नेते. तो तळ्यात सडते अन् मासे गुदमरतेत."

यंदा श्रावणात मीही त्यांच्याबरोबर गेलो. वावरातली काळी माती वाहून जाऊन पिवळा मुरूम उघडा पडला होता. खाली तळ्यात मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. भाऊजींनी बाटली पिशवीतून काढलीच नाही. बांधावर बसून म्हणाले, "तुह्या बहिणीनं वीस उन्हाळे डोक्शावर खताच्या टोपल्या वाहिल्या. गुडघे गेले तिचे. अन् ते खत सारं तिथं खाली गेलं." मला फार वाईट वाटलं. जन्मभर आम्हाला हसवत आलेल्या माणसाला असं खचलेलं पाहवत नव्हतं.

घरी ताई पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. "वावर कसं हाय जी?"

"काळंभोर हाय," भाऊजी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मंग माहे गुडघे कामी आले," ती हसून म्हणाली.

भाऊजी पाय धुवायला म्हणून मोरीत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.