चुकांची ओळख

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. घोडेगावाहून मी हौशी रेडिओवर कळ ठोकून मोर्सच्या टिंब-रेघांत बोलायचो, पण माझा हात इतका अडखळे की पुण्याचा मित्र त्यावरूनच मला ओळखी. म्हणून ट्रान्झिस्टर जोडून टिंबं-रेघा आपोआप सारख्या काढणारं यंत्र केलं. पहिल्याच संध्याकाळी मित्राचा संदेश आला, "माझ्या मित्राच्या रेडिओवर कोण परका बसलाय? तक्रार करतो!"

तक्रार झाली की माझा रेडिओचा परवाना जाणार. घाईनं जुनी कळ जोडली आणि हातानं दोन ओळी ठोकल्या. त्यात चार चुका झाल्या.

"तूच रे गाढवा!" त्याचं उत्तर आलं.

मी हुश्श करून बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, नशीब समजा, चार चुका तरी धड जमल्या!"