पानांचं पाणी मोजणारी बाई

बाईंची हाक दर तासाला यायची. "रीडिंग!" एवढंच. मग मी झाडाखाली टांगलेल्या थर्मामीटरचा आकडा ओरडून सांगायचा आणि बाई वर मचाणावर तो लिहून घ्यायच्या. त्या दिवशी बाराची हाक आली. एकची मालगाडी शिट्टी मारत कॅसलरॉककडं गेली, तरी पुढची हाक आली न्हाई.

मी खालून ओरडलो, "बाई, एक वाजला."

वरून आवाज आला, "सुमे, दार लाव. ऊन येतंय."

आमच्यात सुमी नावाचं कुणी नव्हतं. आणि झाडाला कसलं दार?

मी तेव्हा जंगलखात्यात वॉचर. त्याआधी मध काढायचो, म्हणून उंच झाडाचं मला भय नाही. गोवा नुकताच सुटला होता, सुप्याच्या धरणाचं तर कुणी नावही काढत नव्हतं. धारवाडकडच्या एका कॉलेजातल्या बाई झाडांचा अभ्यास करायला आमच्या रानात आल्या. रेंजरसाहेबांनी मला त्यांच्या ड्यूटीवर लावलं. बाईमाणूस एकटी नको म्हणून माझ्या बायकोला, रुक्माला, कॅम्पवर रांधायला ठेवलं. रुक्मा आता न्हाई. गेल्या पावसात गेली. ती असती तर हे तिनंच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं.

बाईंचं काम काय, ते आधी सांगतो. पानाला खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात. डोळ्याला दिसत नाहीत. झाड ती तोंडं उघडतं, हवा आत घेतं आणि हवेतल्या कर्बाचं आपलं जेवण करतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. माणसाला घाम येतो तसं. घाम आला की अंग गार होतं, तसं पानही गार राहतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की झाड दुपारी तोंड मिटून घेतं. मग पान तापतं. किती वाजता मिटतं, किती तापतं, एवढंच बाईंना बघायचं होतं.

त्यासाठी त्यांच्याकडं निळे कागद होते. पानाच्या खाली क्लिपनं लावायचे. पान पाणी सोडत असलं की कागद गुलाबी होतो. मिटलेलं असलं की निळाच राहतो. शिवाय केसासारखी बारीक तार होती, ती पानाला टेकवली की पेटीतला काटा हलून पान किती तापलंय ते सांगायचा. हे सगळं जांभळाच्या शेंड्याला. मी तिथं मचाण बांधून दिलं होतं, वेताची शिडी सोडली होती. बाई उजाडता वर जायच्या, दिवस कलला की उतरायच्या. मध्ये उतरलं तर तासाचं रीडिंग चुकायचं.

त्यांच्या कॉलेजातल्या मोठ्या प्रोफेसरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, रानातलं काम बाईचं नव्हे, काही झालं तर तडक परत बोलावीन आणि काम दुसऱ्याला देईन. हे बाईंनीच रुक्माला सांगितलं होतं. म्हणून त्या कधी कुरकूर करायच्या न्हाईत.

आता पाण्याचं. पहिल्या दिवशी मी घागरीतून तांब्या भरून वर नेला. बाई म्हणाल्या, नको. दुसऱ्या दिवशीही नको. जेवणालाही घोटभर. मला वाटलं, बामणाची पोर, आमच्या घागरीचं पाणी चालत नसणार. मनाला लागलं. मी रुक्माला म्हटलं, तिला आपलं पाणी नको असंल तर आपण कशाला पुढं पुढं करायचं? मग मी विचारणंच सोडलं. रुक्मा एवढंच म्हणाली, "आपल्या हातचा भात कसा चालतो मग तिला?"

तर त्या दुपारी हाक आली न्हाई म्हणून मी शिडीनं वर गेलो. बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. तोंड लालबुंद. डोळे उघडे, पण मला बघत नव्हत्या. एवढ्या उन्हात मी घामानं भिजलेला आणि त्यांच्या कपाळावर एक थेंब नाही. कातडी तव्यासारखी तापलेली, कोरडी. समोरच्या पानावरचा कागद निळाच्या निळा होता. त्या उठायला बघत होत्या, दार लावायला. मचाणाला कठडा नव्हता.

मी खाली ओरडून रुक्माला बोलावलं. ती शिडीच्या अर्ध्यावर येऊन थांबली.

"पाठीला बांधा आणि उतरा," ती म्हणाली.

"परक्या बाईला हात कसा लावू?"

"मेल्यावर लावणार काय?"

मधाच्या दोरानं मी बाईंना पाठीला बांधलं. पाठीवर बाई हलायच्या, शिडी गरकन फिरायची. रुक्मा एकेक पायरी उतरत खालून माझी टाच धरून वेतावर टेकवत होती. एकदा बाईंची मान माझ्या खांद्यावर लुळी पडली. मला वाटलं, संपलं. रुक्मा खालून म्हणाली, "थांबू नका."

ओढ्यात डबकंच उरलं होतं. तिथं त्यांना निजवलं. रुक्मानं आपलं लुगडं भिजवून त्यांच्यावर घातलं, मी पळसाच्या डहाळीनं वारा घातला. पुन्हा भिजव, पुन्हा वारा. बराच वेळ काही फरक नाही. मग बाईंनी डोळे फिरवले आणि रुक्माला ओळखलं. कोकमाच्या सोलांचं पाणी मीठ घालून चमच्यानं पाजलं. पहिलं उलटलं. दुसरं राहिलं. मग कुठं त्यांच्या गळ्याशी घाम आला. तो बघून रुक्मा रडली. त्याआधी नाही.

"पाणी का पीत न्हाई बाई तुम्ही?" रुक्मानं विचारलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही जावा तिकडं," रुक्मा मला म्हणाली.

मी गेलो. परत आलो तेव्हा तिनं बाजूला घेऊन सांगितलं. पाणी प्यालं की लघवीला उतरावं लागतं. खाली मी उभा, शेजारी कूपात, म्हणजे तोडीला काढलेल्या रानात, लाकूडतोडे, कुठं जाणार? कुणाला सांगणार? म्हणून बाई पाणीच पीत नव्हत्या. जातीचा काही संबंध नव्हता.

सांजेला रेंजरसाहेब आले. कूपातून बातमी गेलीच होती. साहेब म्हणाले, उद्याच्या गाडीनं बाईंना पाठवतो, प्रोफेसरांना कळवतो, माझ्या रेंजमध्ये मढं नको. बाई खाटेवर उठून बसल्या. बोलायला त्राण नव्हतं. हातातला रीडिंगचा कागद नुसता चुरगळत होत्या.

रुक्मा चुलीजवळून उठली. साहेबांसमोर ती कधी बोलत नसे.

"रोग न्हवं त्यो, साहेब. ह्यांनी मचाण बांधलं, आडोसा बांधला न्हाई. बाईनं मुतायचं कुठं?"

साहेब बुटाकडं बघायला लागले. बाईंनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. साहेब खाकरले आणि मला म्हणाले, "मग बांध की उद्या."

धारवाडला काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आडोशाला कारवीचा कूड बांधला. दिवसातून दोनदा रुक्मा थाळी वाजवायची, की आम्ही सगळे पुरुष ओढ्यापलीकडं. रीडिंगं चुकायची, तिथं बाई वहीत रेघ मारायच्या. सावलीला वर ताडपत्रीही बांधली. काम पुरं करूनच बाई गेल्या. पुढं ते कुठंतरी छापून आलं म्हणे. मला वाचता आलं नसतं.

बाई गेल्यावर एकदा मी रुक्माला विचारलं, तू माझ्याबरोबर कूपात कामाला यायचीस, तेव्हा काय करायचीस? ती म्हणाली, "तहान मारायची सवय होती." आणि भात उपसायला लागली. हल्ली घरात एकटा असलो की ते ऐकू येतं.

पुढं रोपलावणीवर बायकांची टोळी आली, तेव्हा मी पहिल्या दिवशी आडोशासाठी कारवी तोडायला माणसं लावली. नवा रेंजर होता. म्हणाला, हे एस्टिमेटमध्ये नाही, आधी खड्डे काढ.

मी म्हटलं, "साहेब, मचाण मोडलं तर आवाज होतो. बाई तहान मारते, त्याचा होत न्हाई."

त्याला कळलं नाही. मी कोयता घेतला आणि गेलो.