हातात दिलेली वाटी

हे मी लिहिणारच न्हवते. दोनदा मशीनला कागद लावला अन् दोनदा ओढून काढला. टायपिंगचे सर म्हणले, "काय गं, रिबन अडकली का?" म्हटलं, रिबन बराबर हाय सर, माझंच डोकं जाग्यावर न्हाई. पण काल कापसाच्या जिनाच्या गेटावर कौसल्यामावशी दिसली. मी हाक मारली तर तिनं नुस्ती मान हालवली. मंग मात्र राहावलं न्हाई.

मावशी आमच्याच वस्तीतली, नव्या जालन्यात टेशनाच्या मागं. जिनात सरकीचे टोपले उचलती. नवरा वारला, पोरबाळ न्हाई. तोंडाची अशी फाटकी की मुकादमसुद्धा तिच्या वाटंला जात न्हाई.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली नगरपालिकेनं मोकाट कुत्र्यांना इखाचे लाडू टाकले होते. एक पांढरी कुत्री सरकीच्या ढिगावर येऊन पडली, धनुष्यासारखी ताठ, तोंडाला फेस. मुकादम म्हणला, "टाक गाडीत." मावशीनं चमच्यानं तिचे दात उघडले अन् चिंचेचं पाणी ओतत बसली. कुत्री ओकली अन् जगली. नाव पडलं सरकी.

जगली पण बिघडली. मागचा एक पाय वढत चालायची अन् मधूनच फेफरं यायचं. मावशीनं तिला पोत्यात घालून ढोरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर हसला. "बाई, म्हैस न्हाई, बैल न्हाई, हे काय आणलं?"

"साहेब, म्हैस माह्या खाटंखाली मावत न्हाई."

त्यानं गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ अर्धी, जल्मभर. एक चुकली की फेफरं आलंच. मंग मावशीचं सगळं जगणं त्या अर्ध्या गोळीला बांधलं गेलं. गोळी गुळात दाबायची, गूळ भाकरीत. भोकरदनला भावाच्या पोरीचं लग्न होतं, तर लग्न लागलं की ही न जेवता एसटीत बसली. वस्तीतल्या बाया चिडवायच्या, "काय कौसल्ये, लेक बाळंत झाली का?"

"झाली की. तुह्याच लेकाची हाय, ये न्हाऊ घालायला!"

असं हसण्यावारी चालू होतं सगळं.

मंग एका दुपारी भर रस्त्यात, गिरिधरशेठच्या ओट्यासमोर, सरकीला फेफरं आलं. गिरिधरशेठ म्हणजे कापसाचे दलाल, वस्तीच्या तोंडाशीच घर. मावशी खाली बसली, पदर तिच्या डोक्याखाली घातला अन् म्हणाली, "कुनी हात लावू नका, आपोआप उतरतं." तर शेठ ओट्यावरून वरडले, "अगं येडे, चप्पल हुंगव चप्पल! माझा चुलता चपलीनंच शुद्धीवर यायचा."

"न्हाई शेठ, नका."

"मला शिकवती का?"

शेठ खाली उतरले. पायातली कातडी चप्पल काढून सरळ कुत्रीच्या नाकातोंडात कोंबली. जबडा फटकन मिटला अन् त्यात शेठची दोन बोटं! शुद्धीवर आल्यावर सरकीनं तेच रक्त चाटलं. तिला काय माहीत कुणाचं. शेठ टांग्यानं दवाखान्यात गेले, अन् तासाभरात आख्ख्या वस्तीत गलका झाला.

"पिसाळली, पिसाळली!" लोकं काठ्या घेऊन आले. मावशी सरकीवर आडवी पडली, दोन काठ्या तिच्याच पाठीत बसल्या. तेवढ्यात दवाखान्यातून टांगा पळवत शेठ आले, पोट दोन्ही हातांनी धरून. डॉक्टरनं सांगितलं होतं, कुत्रीवर ध्यान ठेवा. दहा दिवस जगली तर सुया बंद, मेली तर चौदाच्या चौदा, पोटात. एक तर आत्ताच घेऊन आल्ते.

"ए! काठ्या टाका!" शेठ वरडले. "कुत्रीला हात लावाल तर याद राखा!"

दुसऱ्या दिवसापासून शेठच्या बायकोनं, सरोजिनीकाकूनं, तांब्याभर दूध आणायला सुरवात केली. दारात उभं राहायचं अन् मावशीच्या भांड्यात वरून धार सोडायची. कुठं शिवायचं न्हाई. "जिती हाय ना गं?" एवढंच इचारायचं. मावशीची पाठ काळीनिळी झाल्ती, ते दिसायचं न्हाई.

मावशी मला म्हणायची, "बेबे, माहा नवरा खोकून खोकून मेला तवा कुनी डोकावलं न्हाई. अन् या रांडंची रोज चौकशी!" अन् हसायची. पण मनात भ्यालेली होती. एकदा तिनं इचारलंच, "काकू, दहा दिवस झाल्यावर मारनार तर न्हाई ना माह्या लेकराला?"

"छे गं! आमच्या घरच्यांचा जीव तिच्याच जिवावर हाय."

दूध पिऊन सरकी भरली. काकूच्या बांगड्या वाजल्या की पाय वढत दारात जायची, शेपूट हालवत.

दहा दिवस सरले. सुया बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडंच होते. काकू आल्या. आज तांब्या न्हवता, पितळेची वाटी होती, वर साय. अन् वाटी मावशीच्या हातात दिली! बोटाला बोट लागलं. "असू दे तुलाच," म्हणाल्या अन् गेल्या.

मावशी तशीच उभी. "बेबे, पाह्यलं का? हातात दिली गं. शिवली मला." डोळे भरून आल्ते तिचे. सकाळची अर्धी गोळी तिनं त्याच दुधात कुस्करली अन् स्वतःच्या हातानं सरकीपुढं धरली. सरकीनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

थोड्या वेळानं सरकी थरथरायला लागली. मावशीनं पदर डोक्याखाली घातला. "आपोआप उतरतं." उतरलं न्हाई. अंग धनुष्यासारखं ताठ झालं, ढिगावर होतं तसं. तवा मावशी किंचाळली, "चिंच आन, चिंच!" मी पळाले, आणली. पण दातखीळ बसल्ती. चमचा वाकला, दात उघडले न्हाईत.

मावशी वाटी घेऊन शेठच्या ओट्यासमोर गेली. शेठ सुपारी कातरत होते.

"कौसल्ये, आज मी होतो, उद्या एखाद्या लेकराला चावली असती. इख मीच आणलं. काय चुकलं?"

आतून काकू म्हणाल्या, "सुटली बिचारी. वाटी ठेव तुला, आम्हाला आता काय कामाची!"

पानठेल्यावरून कुणीतरी बोललं, "मावशे, चप्पल हुंगवायची ना!" सगळे हसले. शेठबी हसले.

जिच्या तोंडाला आख्खं जिन भ्यायचं ती मावशी एवढंच बोलली, "काकू, तुम्ही शिवल्या... मला वाटलं..." अन् वाटी तिथंच नालीत टाकून आली.

त्या दिवसापासून ती कुणाच्या हातचं काही घेत न्हाई. माझ्या हातचा चहासुद्धा न्हाई. "राग न्हाई बेबे, हातच पुढं होत न्हाई," म्हणती. संध्याकाळी मात्र जिनातून पळत घरी येती, दारात येऊन थबकती, अन् पळायचं कारण आठवत बसती.

जिन बंद झालं की ती घनसावंगीकडं उसाला जाणार हाय. परत यायचं न्हाई म्हणती. म्हणून सांगून राह्यले, त्याच्या आत तिला भेटून या. टेशनामागं कुणालाबी इचारा, कुत्रीवाली कौसल्या कुठं राहती. सोबत खायला-प्यायला काही नेऊ नका. तिच्या खाटंवर बसा अन् म्हणा, मावशी, चहा टाक. तिच्याच कपात प्या, तिच्या हातून घेऊन. पण जल्दी जा.